तुम्ही दहा जण आहात, त्यांचा एकच आहे

विदर्भातल्या दहाही खासदारांना,
जय सेवा, जय भीम, रामराम.

दरवर्षी मे महिन्याचा तिसरा आठवडा लागला की आमच्या गावात पारावर एकच विचारणा असते, अंदमानात पाऊस लागला का. धुरे साफ झालेले असतात, शेणखत बांधीत पडलेलं असते, तेंदूपत्त्याचा हंगाम सरत आलेला असते, अन् कोणीतरी मोबाईल पाहून सांगते की मान्सून अंदमान-निकोबारात पोचला. मग म्हातारी माणसं बोटावर मोजतात, अजून तीन-चार आठवडे, म्हणजे मिरगाच्या आगेमागे आपल्याकडे येईल, पऱ्ह्याचं बियाणं काढून ठेवा. वर्षातून एवढ्या एका वेळी आम्हाला त्या बेटांची आठवण होते. बाकी मराठी माणसाला अंदमान म्हटलं की सेल्युलर जेल आठवते, सावरकरांची कोठडी आठवते, अन् ते आठवायलाच पाहिजे, पण त्या जेलपासून दक्षिणेला आणखी पाचशे किलोमीटर समुद्र ओलांडला की तिथंही आपलाच देश आहे, तिथं माणसं राहतात. ते बेट म्हणजे ग्रेट निकोबार. तिथं सरकार मोठं बंदर अन् शहर उभारायला निघालं आहे, अन् तिथल्या माणसांसाठी मी तुम्हाला हे पत्र लिहून राहिलो.

मी गडचिरोली जिल्ह्यातला धान पिकवणारा शेतकरी आहे. आमच्या गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला आहे, बांबू अन् तेंदूपत्ता ग्रामसभाच विकते, अन् मी त्या ग्रामसभेच्या समितीवर आहे. गडचिरोलीच्या माणसाला ग्रेट निकोबारचं काय पडलं असं तुम्ही विचाराल म्हणून ते आधी सांगतो.

माझे मोठे काकाजी फौजेत होते. १९६९ पासून सरकारनं ग्रेट निकोबारवर माजी सैनिकांची कुटुंबं नेऊन वसवली, पंजाबातली, महाराष्ट्रातली, तामिळनाडूतली, केरळातली, अशी मिळून तीनशेच्या वर. सीमेवरचं बेट, तिथून इंडोनेशियाचं सुमात्रा दीडेकशे किलोमीटरवर, ते रिकामं ठेवायचं नाही असा तेव्हाचा विचार होता. काकाजी रिटायर झाले तेव्हा त्यांनाही तिथं जमीन मिळाली अन् ते काकूला अन् दोन लेकरांना घेऊन गेले. माझी आजी रडली होती म्हणतात, पोट्टा लढाईतून जिता वापस आला अन् आता स्वतःच्या पायानं काळ्या पाण्यावर चालला. तिला सुमात्रा काय अन् निकोबार काय, ती आयुष्यात नागपूरच्या पुढं गेली नव्हती.

मी २००२ च्या हिवाळ्यात त्यांच्याकडे गेलो. बल्लारशावरून रेल्वेनं चेन्नई, चेन्नईवरून जहाजानं पोर्ट ब्लेअर, ज्याचं नाव आता श्री विजयपुरम केलं आहे, अन् तिथून दुसरं जहाज. अंदमान अन् निकोबारच्या मधात दहा अंशावरचा समुद्र आहे, टेन डिग्री चॅनल म्हणतात, साधारण दीडशे किलोमीटर रुंद. तिथं जहाज असं डोलते की नावेत बसून वैनगंगेच्या पुरात गेलेल्या माणसालाही हात जोडावे वाटतात. मग कार निकोबार, कामोर्टा असं थांबत थांबत कॅम्पबेल बे, ग्रेट निकोबारचं मुख्य गाव. मले तेव्हा पहिल्यांदा समजलं की नकाशात जे चार ठिपके दिसतात ते उत्तर-दक्षिण सातशे किलोमीटरच्या वर पसरलेले आहेत, म्हणजे आपल्या बुलडाण्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या अंतरापेक्षाही जास्त. अन् तरी सगळी बेटं मिळून जमीन किती, तर ८,२४९ चौरस किलोमीटर. आपला एकटा गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आहे. जमीन कमी अन् पाणी जास्त, म्हणून तिथं सगळ्या गोष्टीचा भाव जहाज ठरवते. जहाज चार दिवस आलं नाही की कांदा-बटाटा संपला, दवाई संपली, चिठ्ठी नाही, पेपर नाही.

जंगलाचं काय सांगू. आम्ही जंगलातच वाढलो, अल्लापल्लीचा सागवान पाहिलेला आहे, तरी मी तिथं थक्क होऊन उभा राहिलो. आमचं जंगल उन्हाळ्यात पानं टाकते, पाचोळा वाजते, वणव्याचं भेव असते. तिथलं जंगल बाराही महिने हिरवं अन् ओलं, खाली ऊन पोचत नाही, वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. आमच्याकडे १,५०० पडला की बोड्या अन् मामा (माजी मालगुजारी) तलाव फुटायची वेळ येते. तिथं तेवढं पाणी ते जंगल पिऊन घेते अन् नदीला हळूहळू सोडते. एक पक्षी आहे, निकोबार मेगापोड, कोंबडीएवढा, तो अंड्यावर बसतच नाही. वाळू अन् पालापाचोळ्याचा ढीग करते, कधीकधी माणसाच्या छातीएवढा, त्यात अंडी पुरते, अन् सडणाऱ्या पाल्याच्या गरमीनं अंडी उबतात. काकाजी म्हणत, आपल्या शेणखताच्या खड्ड्यासारखंच आहे पाहा. हा पक्षी निकोबारच्या बेटांशिवाय जगात कुठं नाही.

एका रात्री वनखात्याच्या माणसासोबत काकाजी मले बेटाच्या दक्षिणेकडे गलाथिया खाडीच्या वाळूवर घेऊन गेले. तिथं समुद्रातून एक कासव निघालं, लेदरबॅक, चामड्यासारख्या पाठीचं, सहज तीन-चार क्विंटलचं असेल. वाळूत फरफटत वर आलं, मागच्या पायांनी असा खड्डा खोदला जसा कोणी हातानं माती काढते, अंडी घातली, खड्डा बुजवला अन् वापस गेलं. तास-दीड तास लागला. आम्ही कोणी बोललो नाही. जगातल्या सगळ्यात मोठ्या कासवाची भारतातली महत्त्वाची जागा ती आहे, दर हिवाळ्यात ते तिथंच येते. ही वाळू लक्षात ठेवा सायब, पुढं तिचं काम आहे.

आता माणसं. काकाजीचा एक निकोबारी दोस्त होता, पश्चिम किनाऱ्यावरच्या गावातला. तो होडीनं यायचा, ते लोकंही होडीच म्हणतात, एका बाजूनं लाकडाचा तोल लावलेली. त्यांच्याकडे जमीन एका माणसाच्या नावावर नसते, मोठ्या कुटुंबाची असते, नारळाच्या बागेला कुंपण नाही, डुकरं मोकळी फिरतात अन् कोणाचं डुक्कर कोणतं हे सगळ्यांना ठाऊक असते. केवड्याच्या जातीचं एक झाड असते, त्याचं मोठं फळ उकडतात, गर काढतात, ते त्यांचं जुनं अन्न, आमच्या भातासारखं. अन् नारळ म्हणजे तर पैसाच होता. पूर्वी बाहेरून जहाजं आली की सौदा नारळाच्या हिशेबात व्हायचा, कापड किती नारळाचं, भांडं किती नारळाचं. मले लगेच आमच्या भामरागडकडच्या जुन्या गोष्टी आठवल्या, मिठाच्या बदल्यात चारोळी देऊन टाकायचे, शेरभर मिठाला शेरभर चारोळी, अन् व्यापारी गाडी भरून न्यायचा. बेट असो का जंगल, बाहेरचा माणूस तराजू घेऊन येते तेव्हा हिशेब त्याच्याच हातात असते.

मेलेल्या माणसांचंही तसंच. कार निकोबारकडे पूर्वी काही वर्षांनी पुरखांची हाडं काढून, सगळ्या गावाला जेवण घालून, पुन्हा मान देऊन पुरायचा मोठा सण व्हायचा. आता बहुतेक लोकं ख्रिश्चन झाले तरी पूर्वजांचा मान राहिलेला आहे. आमच्याकडे माडिया लोकं मेलेल्या माणसाच्या नावानं दगड उभा करतात. ज्या जमिनीत आपली माणसं ठेवलेली आहेत ती जमीन भावानं विकायची नसते, हे दोन्हीकडे कोणाला शिकवावं लागत नाही.

अन् एक गोष्ट, अमरावतीच्या खासदारांनी तरी ही लक्षात घ्यावी. मेळघाटातले कोरकू जी भाषा बोलतात अन् निकोबारी लोकं जी बोलतात त्या दोन्ही एकाच कुळातल्या आहेत, ऑस्ट्रोएशियाटिक म्हणतात त्या कुळाला. शेजारच्या गोंडीशी कोरकूचं नातं नाही, मराठीशी नाही, पण हजार-दीड हजार किलोमीटर समुद्रापलीकडच्या निकोबारीशी दूरचं का होईना भाऊपण आहे. हे मी वाचलं तेव्हा मले वाटलं की आपण ज्यांना परके समजतो ते आपल्याच कोणाच्या तरी नात्यातले निघतात.

बेटाच्या आतल्या जंगलात शोम्पेन राहतात. शिकार, कंद, फळं, थोडी लागवड, बाहेरच्या माणसापासून दूर. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या २२९ लिहिलेली आहे. आमच्या गावाच्या निम्मीही नाही. मी त्यांना पाहिलं नाही, अन् पाहायला जायचंही नसते, १९५६ पासून तसा कायदा आहे, अन् तो बरोबर आहे, कारण आपली साधी सर्दी-खोकलाही त्यांच्या अंगाला भारी पडू शकते.

मग २६ डिसेंबर २००४. रविवार होता. भूकंप झाला तो सुमात्राजवळ, अन् ग्रेट निकोबार त्याच्या अगदी तोंडाशी. काकाजीच्या वस्तीतली माणसं टेकडीवर पळाली, तीन रात्री जंगलात काढल्या, नारळाचं पाणी पिऊन. काकू गेली. पाच वर्षं लावून मोठी केलेली सुपारी गेली, घर गेलं, घराची जागासुद्धा गेली, कारण बेटच खाली बसलं, दक्षिणेला चार मीटरच्या वर. इंदिरा पॉइंट म्हणजे देशाचं दक्षिण टोक, तिथला दीपस्तंभ जमिनीवर होता, तो पाण्यात उभा झाला. पश्चिम किनाऱ्यावरची निकोबारी गावं तर पुसल्याच गेली. वाचलेल्या लोकांना सरकारनं कॅम्पबेल बेजवळ राजीव नगर अन् न्यू चिंगेन इथं आणून ठेवलं, तात्पुरतं म्हणून. मी २०१२ ला काकाजींच्या तेरवीनंतर पुन्हा गेलो तेव्हा त्या दोस्ताचा मुलगा तिथं रोजंदारीवर काम करत होता. ज्याच्या बापाकडे नारळाची मोजता न येणारी झाडं होती तो दुकानातून नारळ विकत घेऊन राहिला होता. मी विचारलं वापस काऊन नाही जात, तो म्हणाला जाऊ देत नाहीत, रस्ता नाही, बोट नाही, अर्ज देऊन देऊन थकलो. आज त्या गोष्टीला किती वर्षं झाली ते तुम्हीच मोजा.

सायब, ज्या प्रकल्पाबद्दल मी बोलून राहिलो तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. गलाथियाच्या त्याच वाळूवर मोठं बंदर, जिथं मोठ्या जहाजावरचे कंटेनर लहान जहाजात टाकतात तसं, वर्षाला १ कोटी ४२ लाख कंटेनर हाताळायचं. सोबत विमानतळ, वीजकेंद्र अन् नवीन शहर. सुरुवातीला खर्च ७२,००० कोटी सांगितला होता. एकूण जागा १६६ चौरस किलोमीटर, त्यातलं जंगल १३० चौरस किलोमीटरच्या वर. कासवांचं अभयारण्य होतं त्याचा दर्जा जानेवारी २०२१ मध्ये काढला, अन् ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२२ मध्ये जंगलाची पहिली मंजुरी अन् पर्यावरणाची मंजुरी दोन्ही देऊन टाकली. झाडं किती जातील याचा अंदाज सरकारनं संसदेतच सांगितला आहे, ९ लाख ६४ हजार. एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं, असंही सांगितलं आहे, पण टप्प्यानं कापलेलं झाडही कापलेलंच असते. बेटाची लोकसंख्या २०११ ला आठ हजाराच्या आसपास होती, ती पुढच्या काही दशकांत साडेतीन लाख होईल असा आराखडा आहे. सगळ्या अंदमान-निकोबारची मिळून २०११ ची लोकसंख्या ३ लाख ८० हजार होती. म्हणजे जवळपास तेवढी माणसं एका बेटावर, जे बेट भूकंपाच्या सगळ्यात धोक्याच्या पट्ट्यात आहे अन् वीस-बावीस वर्षांपूर्वी चार मीटर खाली बसलेलं आहे. मी इंजिनियर नाही, पण ज्या जागेनं माझी काकू गिळली तिथं लाखो माणसं नेऊन ठेवायची तर विचारायचा हक्क मले आहे.

अन् कापलेल्या जंगलाच्या बदल्यात झाडं कुठं लावणार, तर हरियाणात.

हे वाचलं तेव्हा आमच्या समितीच्या बैठकीत मी मोठ्यानं वाचून दाखवलं. कोणीच काही बोललं नाही, मग एक म्हातारी बाई म्हणाली, म्हणजे माझी गाय मेली तं शेजाऱ्याच्या गोठ्यात बकरी बांधतील का. आमच्या इकडच्या माणसाला पर्यायी वनीकरण समजावून सांगावं लागत नाही. आम्ही ते पाहिलेलं आहे, एका रांगेत लावलेला सागवान, खाली गवत नाही, मोह नाही, तेंदू नाही, पाखरू बसत नाही, कागदावर मात्र जंगल. आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये देशात पहिल्यांदा आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, ते जंगल साधारण १,८०० हेक्टरचं आहे. ग्रेट निकोबारवर वळवायचं जंगल म्हणजे अशी सात मेंढा. सात मेंढा कापून हरियाणात रोपं लावली तर शोम्पेनच्या पोराला त्यातलं काय मिळणार, अन् मेगापोड उडत हरियाणात जाणार आहे का.

धरणाचंही आम्हाला ठाऊक आहे. माझ्या आत्याचं गाव पाण्यात गेलं. कोणत्या धरणात ते लिहीत नाही, कारण इथं भांडण ते नाही. मोबदला आला, तीन हप्त्यांत आला, तोवर वावराचे भाव तिप्पट झाले होते, अन् नव्या वसाहतीत आत्या मरेपर्यंत म्हणायची की इथं विहिरीचं पाणी खारट लागते. पाणी खारट नव्हतं, मी पिऊन पाहिलं आहे.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर तुम्ही म्हणाल एकतर्फी आहे. सरकार म्हणते की आपल्या देशाचा माल कोलंबो, सिंगापूर, मलेशियातल्या पोर्ट क्लांगला जाऊन जहाज बदलते, तो पैसा बाहेर जाते, अन् मलाक्काच्या सामुद्रधुनीचा जहाजांचा मोठा रस्ता ग्रेट निकोबारजवळून जाते, तर आपलंच बंदर काऊन नको. देशाच्या रक्षणाचंही कारण आहे. मी फौजी घरातला माणूस आहे, सैन्याला धावपट्टी लागत असेल, जेट्टी लागत असेल तर ती झालीच पाहिजे, त्याला माझा विरोध नाही. पण फौजेला लागणारी जागा वेगळी अन् साडेतीन लाख लोकांचं शहर वेगळं. दोन्ही एका कागदात बांधून त्यावर सुरक्षेचा शिक्का मारला की कोणी प्रश्न विचारू शकत नाही. माहितीच्या अधिकारात मागितलेले काही कागद याच कारणानं दिले गेले नाहीत.

काकाजीचा मुलगा, माझा भाऊ, तो अजून कॅम्पबेल बेलाच आहे. त्याचं म्हणणं थोडं वेगळं आहे. तो म्हणते की काही तरी होऊ दे, पोरांना काम नाही, बायको बाळंतपणाला अडली तर हेलिकॉप्टरची वाट पाहावी लागते, जहाज कधी येईल त्याचा नेम नाही. त्याचं चूक नाही. पण मी त्याला विचारलं की तुले बंदर पाहिजे का डॉक्टर, तर बराच वेळ फोनवर नुसता समुद्राचा आवाज येत होता, मग म्हणाला डॉक्टर. आमच्या एटापल्ली-भामरागडच्या लोकांनाही असंच विचारा. रस्ता अन् दवाखाना मागितला की उत्तरात खाण मिळते. दवाखान्यासाठी जंगल द्यावं लागते हा हिशेब कोणी बसवला ते मले अजून समजलं नाही.

अन् हेही खरं की काकाजीला मिळालेली जमीन कोणाच्या तरी जंगलातूनच काढलेली होती. काकाजींना त्याची जाण होती. म्हणून तो निकोबारी दोस्त आला की ते त्याला आधी बसायला सांगत, मग स्वतः बसत.

माझं मागणं काय आहे ते आता सांगतो. लिटल अन् ग्रेट निकोबारच्या ट्रायबल कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या परिषदेनं, ऑगस्ट २०२२ मध्ये प्रकल्पाला ना-हरकत दिली होती अन् नोव्हेंबर २०२२ मध्ये पत्र लिहून ती वापस घेतली. त्यांचं म्हणणं असं की आम्हाला पूर्ण माहिती दिलीच नव्हती, आमची सुनामीच्या आधीची गावंही यात जातात हे नंतर समजलं. वनहक्क कायद्याखाली आमचे हक्क ठरवलेच नाहीत, असंही ते सांगून राहिले. आमच्या ग्रामसभेत कोणी आज हो म्हटलं अन् उद्या पूर्ण कागद वाचून नाही म्हटलं तर ते नाहीच धरल्या जाते. २०१३ मध्ये ओडिशाच्या नियमगिरी डोंगरात खाणीच्या प्रश्नावर सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं १२ ग्रामसभा झाल्या, बाराही ग्रामसभांनी नाही म्हटलं, अन् देशाला ते मान्य करावं लागलं. वनहक्क कायदा तोच आहे, २००६ चा, जो आम्हाला लागू आहे. मग तिथं २०२२ च्या त्या दुसऱ्या पत्राचं काय झालं, ते कोणाच्या टेबलावर आहे, एवढं तरी सभागृहात समजलं पाहिजे. अंदमान प्रशासनाचं २०१५ चं शोम्पेन धोरण आहे, त्यातच लिहिलं आहे की मोठा प्रकल्प आला तर शोम्पेनच्या हिताला आधी जागा द्यायची. ते धोरण या प्रकल्पात कुठं पाळलं, हेही विचारा.

तुम्हालाच काऊन लिहून राहिलो ते पाहा. अंदमान-निकोबारला विधानसभा नाही. राज्यसभेत त्यांचा कोणी नाही. लोकसभेत त्यांचा एक खासदार आहे, एकच, अन् त्या एका माणसाला सातशे किलोमीटरच्या पसाऱ्यातली सगळी बेटं पाहायची असतात, रांचीवाले (झारखंडकडून आलेले आदिवासी), बंगाली, तमिळ, माजी सैनिक, निकोबारी, सगळ्यांची मतं मोजायची असतात, अन् २२९ शोम्पेनची मतं त्यात कुठं दिसणार. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत तिथून बिशप जॉन रिचर्डसन होते, स्वतः निकोबारी, पण ते नेमलेले होते. निवडणूक तिथं १९६७ ला पहिल्यांदा झाली. आपण विदर्भाचे लोकं अनुशेषावर, मुंबई आमचं ऐकत नाही यावर साठ वर्षं भांडून राहिलो, तरी आपले ६२ आमदार आहेत अन् तुम्ही दहा खासदार आहात. दूर बसलेल्या सरकारनं आपल्याविषयी आपल्याला न विचारता ठरवलं की काय वाटते हे तुमच्याइतकं दुसऱ्या कोणाला समजणार. तुमच्यातले काही सत्तेत आहेत, काही विरोधात आहेत, या प्रश्नाला त्याचं काही देणंघेणं नाही.

मी आंदोलन करा म्हणत नाही. येत्या अधिवेशनात एक तारांकित प्रश्न लावा, म्हणजे मंत्र्यांना उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागते अन् त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. तो नाही लागला तर शून्य प्रहरात दोन मिनिटं मागा. दहाही जणांनी नका विचारू, एकानं विचारा, बाकीच्यांनी सोबत उभं राहा. प्रश्न कोणते ते वर लिहिलेच आहेत, त्यात आणखी दोन घाला. पश्चिम किनाऱ्यावरच्या सुनामीग्रस्त निकोबारी कुटुंबांना आपल्या गावी कधी जाऊ देणार, याची तारीख. अन् कॅम्पबेल बेच्या दवाखान्यात बाळंतपण करू शकणारा डॉक्टर अन् ठरलेल्या दिवशी जहाज, बंदराची वाट न पाहता, याची दुसरी तारीख. जमलं तर एकदा स्वतः जाऊन या. विमानानं श्री विजयपुरमपर्यंत जाऊन परत येऊ नका, पुढं जहाजानं जा, ट्रायबल कौन्सिलच्या लोकांसोबत जमिनीवर बसा, अन् त्यांना त्यांच्या भाषेतून बोलू द्या, दुभाष्या त्यांचा असू द्या.

आमच्या ग्रामसभेनं हे पत्र रोवणीच्या आधीच्या बैठकीत वाचलं आहे, काही लोकांनी दुरुस्त्या सांगितल्या त्या केल्या आहेत, बकरीचं वाक्य ठेवायचंच असा बायांचा आग्रह होता. कॅम्पबेल बेच्या भावाला एक प्रत पाठवली, तो ती राजीव नगरला घेऊन जाईल, तिथं हिंदीतून सांगेल. तुमच्यापैकी ज्यांचं उत्तर येईल ते आम्ही ग्रामसभेच्या फळ्यावर लावू अन् भावालाही पाठवू. ज्यांचं येणार नाही त्यांना दिवाळीनंतरची मंडई (गावची जत्रा) झाल्यावर पुन्हा लिहीन, तोवर धानाची कापणी आटोपलेली असते अन् मले वेळ असते.

आपला,
गडचिरोली जिल्ह्यातला एक धान उत्पादक शेतकरी